लाल म्हणजे नेमका कोणता लाल?

आमच्या मेढ्याला रेल्वे कधी आली नाही. वेण्णेचं खोरं, दोन्ही अंगाला डोंगर, पुढे केळघरचा घाट आणि वर महाबळेश्वर. रूळ टाकायचे कुठे? इथल्या माणसाला आगगाडी बघायची तर आधी एसटीनं साताऱ्याला जायचं आणि मग पुढचं पुढे. पण गेल्या पावसाळ्यापासून आमच्या घराच्या माळ्यावर एक स्टेशन आहे. चार फूट बाय दोन फूट प्लायवुड, प्रमाण १:८७. शुक्रवारी रात्री पुण्याहून निघायचं, शनिवार-रविवार माळ्यावर काढायचे, आणि सोमवारी ऑफिसात नखांत गेरू घेऊन बसायचं.

स्टेशन आहे सातारा रोड, साल १९६४. हे साल माझं नाही, अण्णांचं आहे. अण्णांचे मामा किर्लोस्करवाडीला कारखान्यात होते. मे महिन्याच्या सुट्टीत अण्णा मेढ्याहून एसटीनं साताऱ्याला, तिथून सातारा रोडला जात आणि मग मीटरगेजच्या गाडीत बसून कोरेगाव, रहिमतपूर, कराड करत मामांकडे. तेव्हा ते चौदा वर्षांचे होते. आता पंचाहत्तरी उलटलीय. "ती गाडी कर," एवढंच म्हणाले होते.

मला वाटलं होतं अवघड भाग रुळांचा असेल. मीटरगेज म्हणजे रुळांमधलं अंतर एक मीटर, १:८७ मध्ये साडेअकरा मिलिमीटर. जवळचं तयार माप १२ मिलिमीटरचं. ते प्रकरण दोन रविवारांत मिटलं. गाडं अडलं ते रंगावर.

थोडा इतिहास. पुणे-मिरज ही लाईन सदर्न मराठा रेल्वेनं घातली, १८८० च्या दशकात. १९०८ मध्ये ती कंपनी मद्रास रेल्वेच्या काही भागाबरोबर एकत्र होऊन मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वे झाली, आणि १९५१ मध्ये दक्षिण रेल्वेत गेली. म्हणजे १९६४ साली कोरेगावचा शेतकरी ज्या गाडीत बसायचा ती 'दक्षिण रेल्वे'ची. १९७१ पर्यंत मार्ग ब्रॉडगेज झाला आणि इथली मीटरगेज संपली. इंजिनं कुठल्या जातीची, डबे किती लांब, हे सगळं शोधलं तर सापडतं. डबा लाल होता हेही सगळे सांगतात. पण लाल म्हणजे नेमका कोणता लाल?

स्वातंत्र्यानंतर कितीतरी दशकं आपल्या रेल्वेच्या प्रवासी डब्यांची ओळख तो मरून रंगच होता, नव्वदच्या दशकात निळे डबे येईपर्यंत. मी पडलो सॉफ्टवेअरवाला. एचटीएमएलच्या जुन्या सोळा नावाच्या रंगांत 'मरून' आहेच, #८०००००. स्क्रीनवर काढला, झकास दिसला. त्याचा प्रिंट घेऊन साताऱ्यात पेंटच्या दुकानात गेलो, तिथल्या मिक्सिंग मशीनवर तसाच रंग बनवून घेतला आणि पहिला डबा रंगवला.

अण्णांनी हातात घेऊन बघितला. "लेका, हा डबा आहे का डाळिंब?"

मग पुरावे शोधायला बसलो. घरात दोन फोटो. एक साठच्या दशकातला, काळापांढरा, मामा डब्याच्या दारात उभे. काळ्यापांढऱ्या फोटोत गडद लाल आणि गडद हिरवा एकाच राखाडी रंगाचे दिसतात, तेव्हा तो डबा शेवाळी होता असं म्हटलं तरी फोटो विरोध करणार नाही. त्याहून मागे गेलं तर अजून पंचाईत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या बऱ्याच फिल्मना लाल रंग कळायचाच नाही, लाल वस्तू फोटोत काळी यायची. दुसरा फोटो रंगीत, १९७७ चा, मिरज स्टेशनवरचा (मिरजेच्या पुढे लोंढ्याकडे मीटरगेज तेव्हा चालू होती). त्यात डबा छान विटकरी दिसतो. पण त्यात आईची मोरपिशी साडी पण तपकिरी दिसते! त्या काळच्या रंगीत प्रिंटमधला निळसर थर आधी उडतो आणि उरतो तो लालसरपणा. म्हणजे माझा एकमेव रंगीत साक्षीदार नेमका लाल रंगाच्या बाबतीतच फितूर.

सरकारी कागद तरी? ब्रिटिशांनी १९३० च्या सुमारास रंगांना नंबर देऊन टाकले, म्हणजे कुठल्याही कारखान्यात तोच रंग मिळावा. त्या यादीत 'गल्फ रेड' नावाचा एक गडद तपकिरी लाल आहे, क्रमांक ४७३. आपल्याकडचं भारतीय मानक, आयएस ५, त्याच धर्तीचं आहे आणि त्यातही गल्फ रेड आहे. रेल्वेच्या लाल डब्यांच्या संदर्भात हे नाव वारंवार येतं. मी खूष झालो. नंबर मिळाला, प्रश्न संपला.

कसला संपतोय. नंबराबरहुकूम रंगवलेला दुसरा डबा मातीवर ठेवला तर काळाकुट्ट दिसायला लागला. कारण साधं आहे आणि प्रत्येक मॉडेलवाल्याला कधीतरी ठेच लागून कळतं. मी डबा बघतो ६० सेंटिमीटरवरून. १:८७ च्या हिशेबात ते झालं जवळजवळ ५२ मीटर. खरा डबा ५२ मीटरवरून बघताना मधे हवा असते, धूळ असते, मे महिन्याचं ऊन असतं. माळ्यावर मधे काहीच नाही, आणि वर एक ट्यूबलाईट. तेव्हा मधली हवा रंगातच मिसळावी लागते. म्हणजे रंग थोडा फिका, थोडा मळका करायचा. लांबचे डोंगर निळसर रंगवायचे हे लिओनार्दोनं पाचशे वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय; आम्हाला तेच ५२ मीटरला लावायचं.

फिका करायचा म्हणून मी पांढरा घातला. तिसरा डबा गुलाबी झाला. त्यावर कोण काय म्हणालं ते लिहीत नाही. :-) लालात पांढरा घातला की तो नुसता फिका होत नाही, थंड आणि गुलाबीकडे झुकतो. त्याऐवजी फिका मातकट पिवळा घालायचा.

इथे आमच्या धंद्यातली खोड आड येते. आम्हाला वाटतं रंग म्हणजे तीन आकडे, मिसळणं म्हणजे सरासरी. पिवळा आणि निळा यांची आरजीबीत सरासरी काढा, राखाडी येतो. तेच पोस्टर कलरच्या दोन बाटल्यांतून काढा, हिरवा येतो. रंगपेटीवाल्या पोराला जे माहीत असतं ते कॉम्प्युटरला शिकवावं लागतं. १९३१ मध्ये कुबेल्का आणि मुंक या दोघांनी पेंटच्या थराचं गणित मांडलं. प्रत्येक रंगद्रव्य प्रत्येक तरंगलांबीचा किती प्रकाश शोषतं आणि किती विखुरतं ते वेगवेगळं धरायचं, मग मिश्रण काढायचं. पेंटच्या दुकानातल्या मशीनमागे आजही बहुधा त्याच कुळातलं गणित असतं. (त्याच १९३१ साली मुंबईत दांडेकरांनी शाईचा धंदा सुरू केला, ज्यातून पुढे कॅमलिन झाली. माझ्या माळ्यावर दोन्हींचे वंशज शेजारी शेजारी बसलेत.)

एका बाबतीत मात्र स्क्रीन आणि बाटली यांचं एकमत आहे. पिवळ्यात काळा घाला, दोन्हीकडे ऑलिव्ह, म्हणजे शेवाळी हिरवा येतो. आपल्या डोंगरावरच्या करवंदीच्या जाळ्या मी तशाच केल्यात. बाटलीतला तयार हिरवा आपल्याकडे फक्त श्रावणात खरा वाटतो.

आता माती. मला वाटलं माती तरी खरीच आणू, तिला कोण नाव ठेवेल? महाबळेश्वरच्या रस्त्याला वर जाऊन जांभ्याची लाल माती आणली, चाळली, फेविकॉलच्या पाण्यात बसवली. अण्णा म्हणाले, "ही वरची माती. सातारा रोडला ही कुठून आली?" बरोबर होतं. जांभा आमच्याकडे पठारांच्या डोक्यावर. खाली काळा बेसाल्ट, त्याचा पिवळसर मुरूम आणि काळी जमीन. जरंडेश्वराच्या पायथ्याला मे महिन्यात लाल काही नसतं, असतं ते वाळलेलं गवत आणि मुरूम. रुळांखालची खडी नवी असताना पारवा रंगाची, आणि वर्षभरात ब्रेकच्या लोखंडी भुकटीनं तपकिरी. मराठीत हे 'पारवा', 'करडा', 'मातकट', 'विटकरी' शब्द आहेत म्हणून माझं निम्मं काम सोपं झालं. नंबरापेक्षा 'पारव्यात चिमूटभर विटकरी' हे मला जास्त पटकन कळतं.

मुरुमाचा पिवळा आणि जांभ्याचा लाल हे तसे सख्खे भाऊ. दोन्ही लोखंडाचे ऑक्साईड. पिवळ्यात पाणी बांधलेलं असतं, भाजून ते काढलं की लाल. इटलीतल्या सिएनाची माती भाजून 'बर्न्ट सिएना' करतात ते हेच. मी आईच्या एका जुन्या लोखंडी तव्यावर मुरुमाची चाळलेली भुकटी पाऊण तास भाजली. पिवळी, मग नारिंगी, मग चक्क विटकरी झाली. (तो तवा आता माझा आहे. परत स्वयंपाकघरात घेतला नाही.) घराला लावायची काव, कुंडीला लावायचा गेरू, लोखंडाला मारायचा रेड ऑक्साईड, रुळावरचा गंज, सगळं एकाच घरातलं. स्वस्त, उन्हानं न उडणारं, म्हणून मालगाड्यांचे डबे आणि पूल जगभर याच रंगाचे झाले. शोभेसाठी कुणी निवडला नव्हता.

तव्यावरची ही भुकटी गल्फ रेडमध्ये मिसळली, वर फिक्या मातकटाचा पातळ हात, छपरावर काजळी. चौथा डबा. तो नुसता टेबलावर ठेवला तर मरगळलेला वाटत होता. वाळलेल्या गवताशेजारी ठेवला आणि एकदम उठून दिसला. हा शोधही जुना आहे. पॅरिसच्या गोबेलँ कारखान्यात शेव्रल नावाचा रसायनशास्त्रज्ञ रंगखात्याचा प्रमुख होता. काळा धागा फिका दिसतो अशी तक्रार आली. त्यानं तपासलं तर दोष रंगात नव्हता, शेजारच्या धाग्याच्या रंगात होता. १८३९ मध्ये त्यानं यावर जाडजूड ग्रंथच लिहिला.

हा चौथा डबा घेऊन मी गेल्या रविवारी खाली आलो. अण्णांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन महिन्यापूर्वी झालंय, डाव्याचं व्हायचंय. त्यांनी डबा उजेडात धरला. डावा डोळा झाकला, मग उजवा. परत डावा. मी गप्प उभा.

"या डोळ्यानं विटकरी दिसतो," म्हणाले, "आणि या नव्या डोळ्यानं जांभळट."

मोतीबिंदू झालेलं भिंग पिवळट होतं, निळा प्रकाश अडवतं. म्हणजे इतकी वर्षं ते सगळं जग पिवळ्या काचेतून बघत होते, आणि माझे पहिले तीन डबे त्यांनी त्याच काचेतून नापास केले होते. (गुलाबी सोडून. तो कुठल्याही डोळ्यानं नापासच.) चौदाव्या वर्षी सातारा रोडच्या फलाटावर त्यांच्या डोळ्यांत कोवळं, स्वच्छ भिंग होतं. आत्ता त्याच्या सगळ्यात जवळचा तो उजवा डोळा.

"मग कुठला बरोबर?" मी विचारलं.

बराच वेळ बघत राहिले. मग पहिला, डाळिंबी डबा मागितला. तोही दोन्ही डोळ्यांनी पाहिला. शेवटी दोन्ही डबे शेजारी शेजारी खिडकीत ठेवले आणि म्हणाले, "दिवाळीनंतर दुसरा डोळा होईल. तेव्हा सांगतो. तोपर्यंत खिडकीखाली जरा धूळ मार, कराडपर्यंत फार धूळ यायची."

धूळ मारलीय. बाकीचे तीन डबे नुसत्या प्रायमरवर उभे आहेत, रेड ऑक्साईडच्या.