मॅटावानच्या खाडीतील शार्क

मंडळाच्या स्मरणिकेत आपल्या दर्यावर्दी समाजाच्या पूर्वेतिहासावर लिहिण्याची प्रथा आहे. यंदा ती किंचित मोडून आम्ही परक्या मुलखातील एक हकीकत वाचकांपुढे ठेवीत आहोत. फेब्रुवारी २०२४ मध्ये पालघर जिल्ह्यात मनोरनजीक वैतरणेच्या खाडीत मासेमारीस उतरलेल्या एका तरुणाच्या पायाचा शार्कने लचका तोडला, तेव्हा ‘इतक्या आत शार्क येईलच कसा?’ असा प्रश्न आपल्यातीलच शिकल्यासवरल्या मंडळींनी आम्हांस केला. हाच प्रश्न १९१६ साली अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात निघाला होता, आणि तेथे त्याचे मोल दोन जीवांनी दिले.

त्या काळी तिकडील सुशिक्षितांचा असा दृढ समज होता की, थंड पाण्यातील शार्क जिवंत माणसाच्या वाटेस जात नाही. हर्मन ओल्रिक्स नामक एका धनिकाने १८९१ साली, हॅटरस भूशिराच्या उत्तरेस असा हल्ला सिद्ध करून देणाऱ्यास ५०० डॉलरचे बक्षीस लावले होते. ते कोणी नेले नाही. न्यूयॉर्कच्या निसर्गेतिहास संग्रहालयाचे संचालक फ्रेडरिक लूकस यांचेही मत शार्कच्या जबड्यात माणसाचे हाड तोडण्याचे बळ नाही, असेच होते. पुढे १ जुलै १९१६ रोजी बीच हेवन येथे चार्ल्स व्हॅन्सँट हा तरुण आणि ६ जुलैस स्प्रिंग लेक येथे चार्ल्स ब्रूडर हा हॉटेलातील नोकर शार्कच्या दंशाने मरण पावले, तरी शंकेखोरांचे समाधान झाले नाही.

मॅटावान हे गाव उघड्या समुद्रापासून आत, भरतीचे पाणी चढणाऱ्या एका अरुंद खाडीवर वसलेले आहे. १२ जुलै रोजी थॉमस कॉट्रेल नावाच्या निवृत्त जहाज-कप्तानास पुलावरून जाताना पाण्यात शार्कची काळी आकृती वर सरकताना दिसली. म्हातारा धावत गावात गेला आणि दिसेल त्यास सांगत सुटला. गाव हसले. ज्याचा सारा जन्म समुद्रावर गेला, त्यास मासा ओळखता येत नसेल काय, एवढाही विचार कोणाच्या मनात आला नाही! थोड्याच वेळात पोहणाऱ्या मुलांपैकी लेस्टर स्टिलवेल हा अकरा वर्षांचा मुलगा पाण्याखाली ओढला गेला. त्यास फेफऱ्याचा झटका आला असावा, अशा समजुतीने लोक शोधास उतरले. त्यांतील स्टॅन्ली फिशर या शिंप्याच्या मांडीचा शार्कने घास घेतला व त्याच संध्याकाळी त्याचा अंत झाला. त्याच खाडीत खालच्या अंगास जोसेफ डन हा मुलगाही सापडला. पण भाऊ व सोबत्यांनी त्यास ओढून काढले व तो वाचला.

दोन दिवसांनी मायकेल श्लायसर याने जवळच्या रॅरिटन उपसागरात सुमारे साडेसात फुटांचा पांढरा शार्क धरला. त्याच्या पोटात मानवी अवशेष निघाले असे प्रसिद्ध झाले आणि सर्व दोष त्या एका माशावर गेला. तथापि खाडीतील अपराधी तोच होता काय, याविषयी तज्ज्ञांत आजही एकमत नाही. पांढरा शार्क खाऱ्या पाण्याचा रहिवासी. मचूळ व गोड पाण्यात सहज वावरणारा तो बुल शार्क. शरीरातील क्षारांचा तोल राखण्याची शक्ती त्याच्या मूत्रपिंडांत व इतर इंद्रियांत असल्यामुळे तो ॲमेझॉन नदीतून पेरू देशातील इक्विटोसपर्यंत, म्हणजे तीन हजार किलोमीटरहून अधिक आत, आढळला आहे. आपल्याकडे गंगेतील शार्क म्हणून जी निराळी व दुर्मिळ जात आहे, तिच्यावर बुल शार्कचे कित्येक हल्ले फुकट लादले गेले असावेत, असे अभ्यासक मानतात. त्या बिचाऱ्या जातीस २००१ साली कायद्याचे संरक्षण द्यावे लागले. चुकीच्या नावाने फाशी, असा हा प्रकार. मॅटावानच्या प्रकरणानंतरही त्या किनाऱ्यावर दिसेल तो शार्क मारण्याची मोहीम निघालीच होती.

आमच्या घरातील वडीलधारी मंडळी, उधाणाच्या भरतीबरोबर मुशी खाडीत चढते, तेव्हा गढूळ पाण्यात कमरेपेक्षा खोल उतरू नये, असे आम्हांस बजावीत. आम्ही ते मुलांना भिवविण्याचे बोलणे समजत होतो. मुशी म्हणजे त्यांच्या लेखी नेमकी कोणती जात, ती कोणत्या महिन्यात आणि कोणत्या खाडीत किती आत दिसे, हे विचारून ठेवण्याचे आम्हांस कधी सुचले नाही, आणि आता सांगणारे उरले नाहीत. ज्यांच्या घरी जुने तांडेल अद्याप आहेत, त्यांनी त्यांच्या तोंडून अशी माहिती खाडीचे नाव, तिथी व पाण्याची स्थिती यांसह उतरवून मंडळाच्या चिटणीसांकडे धाडावी. पुढील स्मरणिकेत ती सांगणाऱ्याच्या नावानिशी छापण्याचे आम्ही ठरविले आहे.