कर्जाची हमी आणि दरबारची चाकरी

आटपाडीहून ईशान्येस माणदेश ओलांडला, कीं पंढरपूर लागतें. तेथें जुलै १८१५ मध्यें, आषाढाच्या दिवसांत, विठ्ठलाच्या देवळांतून परतणाऱ्या गंगाधरशास्त्री पटवर्धनांचा खून झाला. बडोद्याचे हे मुत्सद्दी इंग्रजांच्या अभयावर पेशव्यांशीं गायकवाडांचा हिशेब मिटविण्यास आले होते. या प्रकरणीं त्रिंबकजी डेंगळ्यांचें नांव गाजलें. परंतु शास्त्र्यांच्या उत्कर्षाचें मूळ बडोद्याच्या कर्जांत होतें.

१८०२ सालीं आनंदराव गायकवाड दुर्बळ, तिजोरी रिकामी आणि थकलेल्या पगारासाठीं अरब शिबंदी अडून बसलेली, अशी तेथील स्थिति होती. देणें वारून कारभार सावरण्यास सुमारें ४१ लाख रुपये उभे करावे लागले. त्यांतले जवळजवळ निम्मे कंपनीनें दिले. बाकीचे सावकारांनीं कंपनीच्या हमीवर दिले. या हमीस बडोद्यांत ‘बांहेधरी’, म्हणजे बाहु धरून दिलेलें वचन, असें म्हणत.

ही हमी पैशापुरतीच राहती, तर गोष्ट वेगळी होती. पण त्याच वर्षीं जुलैमध्यें कंपनीनें दिवाण रावजी आपाजी यांस, दिवाणगिरी त्यांच्या घराण्यांत चालेल व त्यांच्या आप्तांचाहि सांभाळ होईल, असें वचन दिलें. १८०३ मध्यें रावजी वारले व सीताराम दिवाण झाले. त्यांस कारभार पेलेना, तेव्हां तो रावजींचे बंधु बाबाजी यांच्याकडे गेला. माणूस बदलला, घर तेंच राहिलें!

रेसिडेंट वॉकर यांनीं खर्चास आळा घातला, शिबंदी कमी केली, हें खरें. कर्ज फिटावयाचें तर तें अवश्यहि होतें. पण बांहेधरी मिळालेल्या माणसास दूर करणें धन्याच्याहि हातीं उरलें नाहीं. रेसिडेंटच्या पदरीं राहून पुढें आलेले गंगाधरशास्त्री १८१३ मध्यें मुतालिक झाले. त्यांची योग्यता निःसंशय मोठी. तथापि तिची पारख दरबारानें न करतां धनकोनें केली.

१८२० मध्यें एल्फिन्स्टन यांनीं अंतर्गत कारभार दुसऱ्या सयाजीरावांस सोंपविला. मात्र जुन्या हम्या पाळण्याची अट ठेवली. त्या सावकारांच्या देण्यापायीं १८२८ मध्यें कित्येक महाल जप्त झाले.

धनकोनें हिशेब मागावा, हें रास्तच आहे. पण हिशेब लिहिणारा कारकून कोण असावा, हेंहि तोच ठरवूं लागला, म्हणजे चाकराची नजर कामाकडून हमीदाराकडे वळते. आणि ज्याच्यामागें हमी नाहीं, त्या गुणवंतास दरबारांत जागा उरत नाहीं.