दिनविशेष : ५ फेब्रुवारी
वाढवण बंदराला तत्त्वतः मंजुरी (२०२०)

डहाणू तालुक्यातील वाढवण येथे मोठे बंदर उभारण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने २०२० साली आजच्या दिवशी तत्त्वतः मंजुरी दिली. अंदाजित खर्च होता सुमारे ६५,५४५ कोटी रुपये.

देशात तेव्हा मंदीचे सावट होते. त्या आर्थिक वर्षाच्या विकासदराचा पहिला सरकारी अंदाज अवघा पाच टक्के होता. खासगी गुंतवणूक आखडली की सरकारने रस्ते, रेल्वे, बंदरांवर खर्च करून मागणी जागी ठेवावी, हा विचार १९३०च्या दशकातील महामंदीपासून रुजला आहे. ३१ डिसेंबर २०१९ रोजी अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी १०२ लाख कोटींच्या पायाभूत प्रकल्पांची यादी जाहीर केली होती.

पण मंदीवर उपाय म्हणून असा खर्च लवकर व्हावा लागतो. वाढवणला अंतिम मंजुरी मिळाली १९ जून २०२४ रोजी. खर्च तोवर ७६,२२० कोटींवर गेला होता. त्याआधी कोरोनाची खरी मंदी येऊन गेली होती. शिवाय पर्यावरणाचा प्रश्नही होता. डहाणू १९९१पासून पर्यावरणदृष्ट्या नाजूक क्षेत्र. १९९८ साली डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरणाने येथील बंदर नाकारले होते. २०२३ मध्ये त्याच प्राधिकरणाने परवानगी दिली. मच्छीमारांचा विरोध मात्र कायम राहिला.

शेजारच्या तलासरी तालुक्यातून बुलेट ट्रेनचा मार्ग आणि द्रुतगती मार्गही जातात. या कामांतली मजुरी आणि कायमच्या नोकऱ्या डहाणू-तलासरीच्या आदिवासी व मच्छीमार तरुणांना किती मिळाल्या, याचा गावनिहाय हिशेब सरकारने दरवर्षी जाहीर करावा.