गर्भारपणातला दुरावा: सुश्रुतापासून इलेक्ट्रॉनिक सिटीपर्यंत

आजचा विषय घरात मोठ्याने बोलण्यातला नाही, त्यामुळे हवं तर कानात इअरफोन घाला. इलेक्ट्रॉनिक सिटीत राहणारी किती तरी मराठी जोडपी दर महिन्याला डॉक्टरकडे तपासणीला जातात. वजन होतं, बीपी होतं, सोनोग्राफीची तारीख मिळते, लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या जातात. एक प्रश्न मात्र नवराबायको घेऊन जातात तसाच परत आणतात: या नऊ महिन्यांत आम्ही जवळ आलो तर बाळाला इजा होईल का?

उत्तर आधी सांगतो, इतिहास नंतर. गर्भारपण सुरळीत असेल तर शरीरसंबंधाने बाळाला इजा होत नाही. ते गर्भजलाच्या पिशवीत असतं आणि गर्भाशयाचं तोंड घट्ट चिकट स्रावाने बंद असतं. पण वार खाली असेल, अंगावरून रक्त जात असेल, पाणी जायला लागलं असेल, दिवस भरण्याआधीच कळा येण्याचा धोका असेल किंवा गर्भाशयाच्या तोंडाला टाका घातला असेल, तर थांबायचं. किती दिवस, ते तुमच्या डॉक्टरने ठरवायचं. आणि बाईला नको असेल तर नको. त्याला दुसरं कारण लागत नाही.

मग भीती एवढी खोल का? ती फार जुनी आहे म्हणून. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात गर्भिणीने टाळायच्या गोष्टींची यादी आहे. त्यात मैथुन आहे, तसेच व्यायाम, दिवसाची झोप, रात्रीचं जागरण, शोक, भीती, उकिडवं बसणं आणि वाहनात बसणंही आहे. होसूर रोडवरून रोज कॅबने जाणाऱ्या बायकांनी यातलं शेवटचं कलम जरूर वाचावं. चरकसंहिता आणखी पुढे जाते. गर्भारपणी सतत संग करणाऱ्या स्त्रीचं मूल बेढब आणि निर्लज्ज निपजतं, असं ती सांगते. मला यात जाणवतं ते हे की दोष बाईच्या स्वभावावर ठेवला आहे, पुरुष त्या वाक्यात नाहीच. हे ग्रंथ पुढे एका मराठी मुलीने परदेशात उघडून पाहिले. आनंदीबाई जोशींचा १८८६ सालचा फिलाडेल्फियातला प्रबंध आर्य हिंदूंच्या प्रसूतिशास्त्रावरच होता. त्या स्वतः चौदाव्या वर्षी आई झाल्या होत्या आणि बाळ दहा दिवसांत गेलं होतं.

आपल्याकडे ग्रंथापेक्षा रिवाज बलवान. सातव्या महिन्यात डोहाळजेवण, ओटी भरणं आणि मग पहिलटकरीण माहेरी. बाळंतपणानंतरही महिना-दोन महिने, कधी जास्त. कोणालाही काही बोलावं लागत नव्हतं. बाईला विश्रांती मिळे, आईचा हात मिळे, आणि शेजेचा प्रश्न आपोआप मिटे. रिवाज चांगलाच होता, पण त्याला दुसरी बाजू होती आणि तिच्याबद्दल कोणी बोलत नसे. नवरा मागे राही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कोकणातून, घाटावरून मुंबईच्या गिरण्यांत आलेल्या पुरुषांचं बिऱ्हाड चाळीतल्या एका खोलीत दहाजणांचं असे. बायको गावी, कामाठीपुरा चालत जाण्याच्या अंतरावर. तिथून आलेली गरमी, म्हणजे सिफिलिस, बायकोपर्यंत आणि तिच्या पोटातल्या गर्भापर्यंत जाई. मूल पोटातच दगावे किंवा जन्मतः रोगी निघे, आणि घरात म्हणत की सुनेची कूस वाईट.

सरकारला हा रोग दिसत होता, पण गोऱ्या शिपायाच्या अंगावर. १८६८ चा सांसर्गिक रोगांचा कायदा आला, मुंबईतही लागू झाला. त्यात तपासणी सक्तीची होती ती वेश्यांची. त्यांच्याकडे जाणाऱ्या पुरुषांची नव्हे. १८८८ मध्ये तो रद्द झाला. घरातली गरोदर बाई या सगळ्या कारभारात कुठेच नव्हती.

तिच्याबद्दल मराठीत उघडपणे लिहिणारा माणूस म्हणजे रघुनाथ धोंडो कर्वे. महर्षी कर्व्यांचे थोरले चिरंजीव, गणिताचे प्राध्यापक. त्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र सुरू केलं. लंडनमध्ये मेरी स्टोप्सचं केंद्र निघालं तेही त्याच वर्षी. ‘संततिनियमन’ लिहिलं, आणि ‘गुप्तरोगांपासून बचाव’ही लिहिलं. लोकांना पहिलं पुस्तक आठवतं, मला दुसरं महत्त्वाचं वाटतं. कारण संतती रोखण्याचा सल्ला आणि रोग रोखण्याचा सल्ला एकाच माणसाने, एकाच टेबलावरून दिला. निरोध हे साधन दोन्हीकडे लागू पडतं, पण गर्भारपणात लोक ते टाकून देतात. आता दिवस राहण्याची भीती कसली, असं म्हणून. रोगाचा विचार कोणाच्या मनात येत नाही.

या कामापायी १९२५ मध्ये त्यांना विल्सन कॉलेजातली नोकरी सोडावी लागली. १५ जुलै १९२७ ला ‘समाजस्वास्थ्य’ मासिक निघालं आणि ते १९५३ पर्यंत, म्हणजे त्यांच्या मृत्यूपर्यंत चाललं. पत्नी मालतीबाईंच्या पगाराचा आधार नसता तर ते दोन वर्षंही टिकलं नसतं, असं माझं मत आहे. या मासिकात वाचक आपल्या कामजीवनातले प्रश्न विचारत आणि कर्वे आडपडदा न ठेवता उत्तरं देत. अशाच उत्तरांवरून १९३४ मध्ये अश्लीलतेचा खटला झाला. वकील म्हणून उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला हरला, दंड झाला. कर्व्यांनी प्रश्नोत्तरं बंद केली नाहीत.

आणि इथे आपण बंगळूरला येतो. मुंबईत कर्व्यांवर खटले चालू असताना म्हैसूर संस्थानाने १९३० मध्येच सरकारी इस्पितळांत संततिनियमनाचा सल्ला देण्याची परवानगी दिली होती. जगातल्या अगदी पहिल्या सरकारी प्रयत्नांपैकी हा एक. आज जिथे इलेक्ट्रॉनिक सिटी उभी आहे ती कोनप्पन अग्रहार आणि दोड्डतोगूर ही गावं तेव्हा त्याच संस्थानात. कर्नाटक सरकारच्या केऑनिक्सने इथे ३३२ एकरांत वसाहत आखायला घेतली ती पुढे सत्तरच्या दशकाच्या शेवटी.

दरम्यान औषधं बदलली. कर्व्यांच्या काळात गरमीवर सोमलाची इंजेक्शनं महिनोन्‌महिने घ्यावी लागत. १९४३ मध्ये अमेरिकेत पेनिसिलिनने ती बरी होते असं दिसलं, आणि गरोदर बाईला वेळेवर पेनिसिलिन मिळालं तर बाळही वाचतं हे कळलं. उपचार न झालेल्या गरमीत निम्म्याहून अधिक गर्भारपणांचा शेवट वाईट होतो. म्हणून पहिल्या भेटीत व्हीडीआरएल, एचआयव्ही आणि कावीळ बी या तपासण्या लिहितात. तो संशय नव्हे, ती सर्वांची नेहमीची तपासणी. त्यात एक फट राहते. तिसऱ्या महिन्यात निर्दोष आलेला कागद सातव्या महिन्यातल्या संसर्गाबद्दल काही सांगत नाही. नवऱ्याची तपासणी आणि धोका असेल तिथे शेवटच्या तिमाहीत पुन्हा तपासणी, हे दोन्ही मागून घ्यावं लागतं. एचआयव्हीत उपचाराविना दर शंभरात १५ ते ४५ बाळांना लागण होते. औषधं नीट घेतली तर पाचाहून कमी.

संबंधच नकोत, ही भीती मात्र डॉक्टरांतही मधूनच उसळी घेते. १९७९ मध्ये नाये या अमेरिकी संशोधकाने प्रसूतीआधीच्या महिन्यातल्या संबंधांचा गर्भजलाच्या संसर्गाशी दुवा लावला आणि खळबळ उडाली. दोनच वर्षांत जेरुसलेममधल्या सुमारे ११ हजार कमी धोक्याच्या गरोदर बायकांचा अभ्यास आला, त्यात तसं काही आढळलं नाही. पहिली बातमी घरोघर पोचली, दुसरी पोचली नाही.

२०२४ च्या पावसाळ्यात पुण्यात झिकाचे रुग्ण निघाले, त्यांत गरोदर बायका बऱ्याच होत्या. ऑगस्टमध्ये जिगणीतही पाच निघाले, म्हणजे इथून काही मैलांवर. झिका डासाने पसरतो हे फलकांवर लिहिलं होतं. तो शरीरसंबंधातूनही पसरतो हे क्वचितच. झिका असलेल्या गावाहून परतलेल्या नवऱ्याने तीन महिने, आणि बायको गरोदर असेल तर बाळंतपणापर्यंत, निरोध वापरायचा किंवा दूर राहायचं. आता माहेर लातूरला किंवा कोल्हापूरला, आणि आईच बसने इथल्या दोन खोल्यांत येऊन राहते. दुरावा घडवणारा रिवाज उरला नाही. तेव्हा हा निरोप सासूबाई किंवा आई देणार नाहीत. नवऱ्यानेच बायकोशी बोलायचं आहे, आणि पुढच्या तपासणीला दोघांनी मिळून डॉक्टरना विचारायचं आहे.