लाटेची कथा, जगण्याची वाट

पुराणकथा म्हणजे भाबड्या मनाचा कल्पनाविलास, असा समज सुशिक्षितांत रूढ आहे. हिंदी महासागरातील एका बेटाचा अनुभव मात्र वेगळे सांगतो.

२६ डिसेंबर २००४ रोजी सुमात्रानजीक समुद्रतळाशी भूकंप झाला आणि त्सुनामीने इंडोनेशियाच्या आचे प्रांताची किनारपट्टी उद्ध्वस्त केली. त्या देशात दीड लाखांहून अधिक माणसे मृत वा बेपत्ता झाली. समुद्र मागे हटला तेव्हा उघड्या वाळूवर मासे वेचायला धावलेले अनेकजण लाटेत सापडले. भूकंपाच्या केंद्रालगतच्या सिमुलुए बेटावर मात्र सुमारे ७८ हजार रहिवाशांपैकी अवघे सात जण दगावले.

तेथे ना भोंगे होते, ना इशारा देणारी यंत्रणा. होती ती 'स्मोंग'ची कथा. १९०७ मधील त्सुनामीत या बेटावर मोठी प्राणहानी झाली होती. वाचलेल्यांनी ती आठवण कथा-गीतांत गुंफली. जमीन जोराने हादरली आणि समुद्र ओसरला, तर डोंगर गाठावा, एवढाच तिचा सांगावा. पिढ्यान्‌पिढ्या ऐकलेल्या त्या एका शब्दाने गावेच्या गावे उंचावर नेली.

थायलंडच्या सुरिन बेटांवरील मोकेन हे समुद्रावरच जगणारे लोक. 'लाबून' ही माणसे गिळणारी लाट पूर्वजांचे आत्मे धाडतात, अशी त्यांची श्रद्धा. त्याच दिवशी ओसरते पाणी पाहून वडीलधाऱ्यांनी लाबून ओळखली. घरे वाहून गेली. माणसे बहुतांशी वाचली.

उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील आदिवासी जमाती एका महापक्ष्याच्या आणि देवमाशाच्या झुंजीची कथा सांगतात. त्या झुंजीत धरणी थरथरते, समुद्र उसळतो. जपानमधील जुन्या नोंदींच्या आधारे शास्त्रज्ञांनी १९९६ मध्ये तेथील एका महाभूकंपाची तारीख निश्चित केली : २६ जानेवारी १७००. या कथेत त्याच भूकंपाची स्मृती असावी, असे अनेक अभ्यासक मानतात.

लाट आत्मे धाडतात की भूगर्भातील हालचाल, हा वाद येथे गौण ठरतो. यंत्र धोक्याची सूचना देते. ती मिळताच हातचे काम टाकून धावण्याची सवय कथा लावते. पण यंत्राची दुरुस्ती करता येते. कथा सांगणारा आणि ऐकणारा दुरावला, की एका पिढीत ती पुसली जाते आणि तिची किंमत पुढची लाट आल्यावरच कळते.