हिशेब कोणी मागायचा?
बँक ऑफ बॉम्बेच्या पतनाची हकीकत

मुंबईच्या फोर्ट भागात विद्यापीठाच्या आवारातील राजाबाई टॉवर ठाऊक नाही असा मुंबईकर विरळाच. २८० फूट उंचीचा हा मनोरा १८७८ साली पूर्ण झाला. सुप्रसिद्ध दलाल व दानशूर व्यापारी प्रेमचंद रायचंद यांनी त्यासाठी व शेजारच्या ग्रंथालयासाठी मोठी देणगी दिली आणि मनोऱ्यास आपल्या मातोश्रींचे नाव दिले. या दानाची कथा सर्वतोमुखी आहे. परंतु हेच नाव ज्या एका मोठ्या बँकेच्या नाशाशी जोडले गेले, तिची कथा मात्र बहुतेकांच्या विस्मृतीत गेली आहे. मोठ्या संस्थांचा कारभार कसा असावा, कारभाऱ्यांनी कोणाला जबाब द्यावा, हे प्रश्न आज वरचेवर चर्चिले जातात. ते मुंबईत प्रथम एवढ्या तीव्रतेने उभे राहिले ते १८६५ साली, आणि त्यांची किंमत भागधारकांनी रोख मोजली.

कापसाचे सोने

१८६१ च्या एप्रिल महिन्यात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी केली आणि इंग्लंडमधील लँकेशायरच्या गिरण्यांना होणारा अमेरिकन कापसाचा पुरवठा जवळजवळ थांबला. साहजिकच गिरणीमालकांची दृष्टी हिंदुस्थानाकडे वळली. गुजरात, खानदेश, वऱ्हाड येथील कापूस मुंबई बंदरातून भरभरून जाऊ लागला आणि त्याला पूर्वी कोणी स्वप्नातही पाहिला नसेल असा भाव मिळू लागला. युद्धकाळात नेहमीच्या किमतीपेक्षा सुमारे ८१ कोटी रुपये अधिक मुंबईच्या पदरात पडले, असा अंदाज त्या काळच्या लेखनात दिला जातो. आजच्या मोजमापाने पाहू नये. त्या काळी ही रक्कम डोळे दिपविणारी होती.

पैसा आला आणि तो गुंतविण्याच्या वाटाही नेमक्या त्याच सुमारास खुल्या झाल्या होत्या. १८५७ च्या कायद्याने हिंदुस्थानात मर्यादित जबाबदारीच्या कंपन्या काढण्याची मुभा मिळाली होती आणि १८६० साली ती बँकांनाही लागू झाली. मर्यादित जबाबदारी म्हणजे कंपनी बुडाली तर भागधारकाचे नुकसान त्याने घेतलेल्या शेअरच्या रकमेपुरतेच. त्याच्या घरादारावर जप्ती यायची नाही. ही सोय मोठी उपयुक्त होती. तिच्याविना रेल्वे, गिरण्या, आगबोटी उभ्याच राहिल्या नसत्या. परंतु तिच्यात एक धोकाही दडलेला होता. पैसा एकाचा, तो हाताळणारा दुसरा, आणि नुकसानीचा चटका हाताळणाऱ्याला बसेलच असे नाही. म्हणूनच अशा संस्थेत हिशेब मागण्याची रीत अधिक कडक असावी लागते. मुंबईत घडले ते नेमके उलट.

१८६५ च्या जानेवारीत शहरात ३१ बँका, १६ वित्तसंस्था व ८ जमीन कंपन्या होत्या. त्याखेरीज विमा, आगबोटी, कापसाच्या गाठी बांधणारे प्रेस यांच्या कंपन्या निराळ्याच. दहा वर्षांपूर्वी साऱ्या मिळून डझनभरही नव्हत्या. यांतील सर्वांत गाजलेली म्हणजे समुद्र हटवून जमीन काढण्यास निघालेली बॅकबे रेक्लमेशन कंपनी. तिच्या पाच हजारांच्या शेअरचा भाव पन्नास हजारांच्या घरात गेला. त्या शेअरमागे तेव्हा होते काय, तर बव्हंशी समुद्राचे पाणी! तरीही व्यापारी, वकील, डॉक्टर, सरकारी अधिकारी, कारकून सारेच या नादाला लागले. पुष्कळसे व्यवहार मुदतीचे असत. आज सौदा करायचा, पैसे काही महिन्यांनी ठरलेल्या दिवशी द्यायचे. हाती पैसा नसताना लाखांचे व्यवहार होऊ लागले. त्यासाठी कर्ज हवे होते आणि कर्ज देणारी सर्वांत प्रतिष्ठित पेढी म्हणजे बँक ऑफ बॉम्बे.

सैल झालेली गाठ

बँक ऑफ बॉम्बे १८४० साली सरकारी सनदेने स्थापन झाली. भांडवल ५२ लाख २५ हजार रुपये; त्यांपैकी तीन लाख सरकारचे. नऊ संचालकांपैकी तीन सरकारने नेमायचे, अशी व्यवस्था होती. कर्जे अल्प मुदतीची असत. सरकारी रोखे, सोने-चांदी, न नासणारा माल हे तारण चाले; बँकांचे शेअर किंवा घरजमीन यांवर पैसे देण्यास मनाई होती. नियम जाचक वाटत, पण ते अनुभवातून आले होते. ठेवीदाराचा पैसा हा परक्याचा पैसा आहे, ही जाण त्यांच्या मुळाशी होती.

१८६२ पासून चलनी नोटा काढण्याचा अधिकार सरकारने स्वतःकडे घेतला. बँकेचा हा हक्क गेल्याने तिला इतर व्यवसायात मोकळीक द्यावी असे ठरले आणि १८६३ साली नवा कायदा झाला. त्यात शेअरांच्या तारणावर कर्ज देण्याची वाट खुली झाली. त्याच सुमारास भांडवल वाढवीत नेण्यात आले आणि ते चौपट म्हणजे २ कोटी ९ लाख झाले. तेजीच्या ऐन भरात बांध काढून टाकला, आणि वर पाण्याचा लोंढाही वाढविला!

आता सारी भिस्त कारभाऱ्यांच्या विवेकावर होती. बँकेचे चिटणीस जेम्स ब्लेअर यांच्यावर प्रेमचंदांचा मोठा प्रभाव होता. प्रेमचंद त्या काळी शेअरबाजाराचे अनभिषिक्त राजे मानले जात. अनेक नव्या कंपन्यांच्या उभारणीत त्यांचा हात होता. त्यांनी शिफारस केली की कर्ज मंजूर, असा प्रकार सुरू झाला. त्यांना स्वतःलाही मोठ्या रकमा मिळाल्या. ज्या शेअरांचा भाव कर्जाच्या पैशाने वर चढत होता, तेच शेअर त्या कर्जाचे तारण म्हणून स्वीकारले जात होते. आपल्याच सावलीला टेकून उभे राहण्यासारखाच हा प्रकार!

आणि संचालक? ते प्रतिष्ठित गृहस्थ होते. सभेला येत, समोर आलेल्या कागदांवर सह्या करीत. कोणते कर्ज कोणाला, किती, कशावर दिले हे तपासण्याचे काम त्यांनी चिटणीसावर सोपविले होते. सरकारने नेमलेले तीन संचालक आहेत, तेव्हा सरकार पाहतच असेल, असे भागधारकांस वाटे. आणि बँकेचा कारभार संचालक पाहत आहेत, असे सरकार धरून चाले. प्रत्येक जण दुसऱ्याच्या सावधपणावर विसंबून निर्धास्त होता.

कोसळणे

१८६५ च्या एप्रिलमध्ये दक्षिणेचा सेनापती ली शरण गेला. मे महिन्यात ही बातमी मुंबईस पोहोचली आणि कापसाचे भाव गडगडले. मुदतीच्या असंख्य सौद्यांचा भरणा १ जुलै १८६५ रोजी व्हायचा होता. त्या दिवशी देणेकरी पुष्कळ, पण पैसे कोणाकडेच नाहीत, असे दिसून आले. पेढ्यामागून पेढ्या बुडाल्या. बॅकबेचा शेअर दोन हजारांच्याही खाली आला. बँक ऑफ बॉम्बेचा जो शेअर २,८५० रुपयांपर्यंत चढला होता, त्याला पुढे ८७ रुपये मिळणेही कठीण झाले. बँकेवर ठेवी काढून घेणाऱ्यांची झुंबड उडाली. गव्हर्नर सर बार्टल फ्रीअर यांच्या सरकारने पाठिंबा दिल्यामुळे ती कशीबशी तग धरून राहिली. १८६६ च्या मे महिन्यात लंडनची ओव्हरेंड-गर्नी ही पेढी बुडाली आणि संकट अधिकच गडद झाले. अखेर १८६८ च्या आरंभी बँक गुंडाळण्यात आली व त्याच वर्षी त्याच नावाची नवी बँक स्थापन झाली.

बॅकबे कंपनीचे भव्य स्वप्नही विरले. तिने मिळविलेली किनाऱ्याची पट्टी पुढे बी.बी. अँड सी.आय. रेल्वेच्या उपयोगी पडली. विरारहून बॅकबेपर्यंत पहिली लोकलगाडी १८६७ साली धावली. आजही चर्चगेटला जाणारा वसईकर त्या तेजीच्या एका अवशेषाजवळ रोज उतरत असतो.

चौकशीचे पाच निष्कर्ष

जनतेच्या मागणीवरून १८६८ मध्ये सर चार्ल्स जॅक्सन यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमला गेला. त्याचा अहवाल १८६९ साली आला. २ कोटी ९ लाखांच्या भांडवलापैकी सुमारे १ कोटी ८९ लाख, म्हणजे नऊ-दशांश भाग नाहीसा झाला होता. आयोगाने कारणे पाच दिली. पहिले, १८६३ च्या कायद्याने सैल झालेले नियम. दुसरे, दुर्बळ व तत्त्वशून्य चिटणीसांनी केलेला अधिकारांचा दुरुपयोग. तिसरे, अध्यक्ष व संचालक यांची बेपर्वाई आणि अपात्रता. चौथे, काळाचे असाधारण स्वरूप. पाचवे, योग्य कायदेशीर सल्ल्याचा अभाव.

या यादीचा क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. संस्था बुडाली की तिचे चालक सर्वप्रथम काळाला दोष देतात: युद्ध थांबले, मंदी आली, बाजार फिरला. आयोगाने काळाचे कारण नाकारले नाही, पण त्याला चौथ्या स्थानी बसविले. त्याच्या आधी माणसे होती. त्यांतही लबाडी करणाऱ्यांच्या पाठोपाठ, न विचारणाऱ्यांचे नाव होते. प्रामाणिक पण निष्काळजी संचालक हा संस्थेच्या नाशाचा स्वतंत्र कारक असतो, हे मुंबईच्या इतिहासात या अहवालाने नोंदवून ठेवले.

प्रेमचंदांविषयी न्याय्य बोलायचे तर त्यांचे स्वतःचेही अतोनात नुकसान झाले. ते १९०६ पर्यंत जगले, आणि मनोरा उभा राहिला. पण दान मोठे म्हणून हिशेब माफ होत नाही, आणि हिशेबात चूक म्हणून दान खोटे ठरत नाही. दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या वह्यांत लिहाव्या लागतात.

ठेच आणि शहाणपण

पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, असे आपण म्हणतो. काही शहाणपण आलेही. १८६६ साली कंपन्यांचा नवा कायदा झाला. १८७६ च्या कायद्याने तिन्ही इलाख्यांच्या बँकांवर पुन्हा कडक मर्यादा आल्या आणि सरकारने आपली भागीदारी काढून घेतली. पुढे १९२१ साली या तीन बँका मिळून इंपीरियल बँक झाली आणि १ जुलै १९५५ रोजी तिची स्टेट बँक झाली. ज्या तारखेला मुंबईचा बाजार कोसळला, त्याच तारखेला नव्वद वर्षांनी ही राष्ट्रीय संस्था जन्मास आली, हा एक योगायोग!

पण शहाणपण वारशाने मिळत नाही. ते प्रत्येक पिढीला नव्याने कमवावे लागते. २३ सप्टेंबर २०१९ रोजी रिझर्व्ह बँकेने पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध घातले, आणि ठेवीदारास प्रारंभी सहा महिन्यांत केवळ एक हजार रुपये काढता येतील असे सांगण्यात आले. बँकेच्या एकूण कर्जांपैकी ७० टक्क्यांहून अधिक कर्ज एकाच बांधकाम समूहाकडे अडकल्याचे तेव्हा बाहेर आले. याच समूहाचे प्रकल्प आपल्या वसई-विरार पट्ट्यातही होते. ही कर्जे लपविण्यासाठी २१,०४९ बनावट खाती दाखविल्याचा आरोप पोलिसांकडील तक्रारीत होता. मुलीच्या लग्नासाठी वा शस्त्रक्रियेसाठी ठेवलेला स्वतःचा पैसा दारात उभे राहून मागावा लागण्याची पाळी लोकांवर आली. २०२० च्या फेब्रुवारीत ठेवविम्याची मर्यादा एक लाखावरून पाच लाखांवर नेण्यात आली. २०२२ च्या जानेवारीत ही बँक दुसऱ्या बँकेत विलीन झाली, पण मोठ्या ठेवीदारांना आपल्या उरलेल्या रकमेसाठी वर्षानुवर्षांचे हप्ते पत्करावे लागले. एकाच कर्जदाराची मेहेरनजर, आणि त्याच्याकडे नेमके किती गेले ते न विचारणारे मंडळ. दीडशे वर्षांचे अंतर असूनही चित्र ओळखीचे वाटते.

२०१३ च्या कंपनी कायद्यात स्वतंत्र संचालक, लेखापरीक्षकांची ठराविक मुदतीने बदली, भागधारकांचे अधिकार यांच्या तरतुदी आहेत. त्या आवश्यकच आहेत. परंतु १८४० च्या सनदेतही नियम उत्तम होते, हे विसरता येत नाही. स्वतंत्र संचालक कायद्याने नेमता येतो. त्याने तोंड उघडावे हे कायद्याच्या हाती नसते.

आपल्या घराघरांत कोणी पतपेढीचा सभासद आहे, कोणी सहकारी बँकेचा भागधारक, कोणी सोसायटीचा खजिनदार. वार्षिक सभेचे निमंत्रण येते. अहवालाची छापील पुस्तिका घरी येऊन पडते. सभेत ‘मंजूर, मंजूर’ म्हणून ठराव पाच मिनिटांत आटोपतात आणि मंडळी चहापानाकडे वळतात. कोणी उठून विचारले की सर्वांत मोठी कर्जे कोणाला दिली, थकबाकी किती, संचालकांच्या नातेवाइकांकडे किती, तर शेजारी त्याच्याकडे नाराजीने पाहतात. जणू त्याने कोणावर चोरीचा आळच घेतला आहे. वास्तविक तो आपणा सर्वांचे काम करीत असतो. प्रामाणिक कारभाऱ्याला अशा प्रश्नाचे भय नसते. उलट त्याच्या प्रामाणिकपणाला तोच खरा आधार असतो.

१८६४ साली बँक ऑफ बॉम्बेच्या भागधारकांपैकी कोणी हे तीन प्रश्न आग्रहाने विचारले असते, तर जॅक्सनसाहेबांना पाच कारणे कदाचित शोधावी लागली नसती. पुढची वार्षिक सभा येईल तेव्हा ती पुस्तिका उघडावी, कर्जांचे पान काढावे, आणि चहा येण्यापूर्वी हात वर करावा.