‘आय डिड नॉट वेन्ट’ कुठे चुकतं? झालेली गोष्ट इंग्रजीत सांगण्याची सोपी रीत

घोटी (ता. इगतपुरी) : बारावी झालेला मुलगा गोंद्याच्या कंपनीत मुलाखतीला जातो. दोन वर्षं त्याने घोटीतल्या भाताच्या गिरणीत काम केलेलं असतं, आता ते सुटलेलं असतं. साहेब विचारतात, ‘‘व्हॉट डिड यू डू आफ्टर ट्वेल्थ?’’ मुलगा म्हणतो, ‘‘आय वर्क इन अ राइस मिल.’’ साहेबांना वाटतं, हा अजून तिथेच कामाला आहे. खरं तर त्याला म्हणायचं होतं, ‘‘आय वर्क्ड इन अ राइस मिल फॉर टू इयर्स.’’ म्हणजे केलं, आणि ते संपलं. फरक क्रियापदाच्या शेवटच्या एका आवाजाचा, पण अर्थ बदलला.

राज्यातल्या मराठी शाळांत 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी आलं. त्याआधीच्या पिढीला ते पाचवीत भेटायचं. तरीही ‘काल काय झालं’ हे इंग्रजीत सांगताना दोन्ही पिढ्या अडखळतात. कारण साधं आहे. मराठी आणि इंग्रजी भूतकाळाची चाल वेगळी आहे. ती चाल कळली की निम्म्या चुका आपोआप जातात.

इंग्रजीत लिंग-वचनाची कटकट नाही

मराठीत भात विकला, भाजी विकली, टोमॅटो विकले. वस्तू बदलली की क्रियापद बदलतं. तो आला, ती आली, ते आले. इथे माणूस बदलला की बदलतं. इंग्रजीत असं काही नाही. भात, भाजी, टोमॅटो काहीही विका, ‘सोल्ड’ एकच. ‘ही केम, शी केम, दे केम’, सगळ्यांना ‘केम’. म्हणजे या बाबतीत मराठी अवघड आणि इंग्रजी सोपी आहे.

अपवाद फक्त ‘होता-होती-होते’चा. आय, ही, शी, इट यांना ‘वॉज’ आणि वुई, यू, दे यांना ‘वेअर’. ‘आय वॉज अ‍ॅट होम’, ‘वुई वेअर इन द फील्ड’.

रूप कसं तयार करायचं?

बहुतेक क्रियापदांना शेवटी ‘ई-डी’ लावायचं. वर्कचं वर्क्ड, क्लीनचं क्लीन्ड, प्लांटचं प्लांटेड. स्पेलिंगच्या तीन गोष्टी लक्षात ठेवा :

• शेवटी ‘ई’ आधीच असेल तर नुसता ‘डी’. उदा. शेअर, क्लोज.
• ‘ट्राय’, ‘कॅरी’सारख्या शब्दात ‘वाय’च्या आधी व्यंजन असेल तर ‘वाय’ काढून ‘आय-ई-डी’. पण ‘प्ले’मध्ये ‘वाय’च्या आधी स्वर आहे, तिथे ‘वाय’ तसाच राहतो.
• ‘स्टॉप’, ‘प्लॅन’सारख्या छोट्या शब्दात शेवटचं अक्षर दोनदा लिहायचं, मग ‘ई-डी’.

लिहिताना ‘ई-डी’ एकच, पण बोलताना आवाज तीन. क्रियापदाच्या शेवटी ट किंवा ड ऐकू आला तर ‘इड’ म्हणायचं : प्लांटिड, नीडिड. क, प, फ, स, श, च ऐकू आला तर ‘ट’ : वर्क्ट, स्टॉप्ट, वॉश्ट. बाकी ठिकाणी ‘ड’ : क्लीन्ड, कॉल्ड. सगळीकडे जोर देऊन ‘वर्केड’, ‘कॉलेड’ म्हणायची गरज नाही.

न ऐकणारी क्रियापदं

काही क्रियापदं ‘ई-डी’ लावून घेत नाहीत. ‘गो’चं ‘वेन्ट’ का होतं, असं मुलं विचारतात. मग त्यांना विचारा, मराठीत ‘जा’चं ‘गेला’ का होतं? ‘कर’चं ‘केला’, ‘ये’चं ‘आला’, ‘दे’चं ‘दिला’. रोजच्या वापरातले शब्द दोन्ही भाषांत नियम मोडतात. लहान लेकरू ‘मी करलं’ म्हणतं, आपण हसून ‘केलं’ सांगतो आणि ते शिकतं. इंग्रजीचंही तसंच, बोलून बोलून बसतं.

आपल्या कामाची काही रूपं : गो–वेन्ट, कम–केम, गिव्ह–गेव्ह, टेक–टुक, बाय–बॉट, सेल–सोल्ड, ब्रिंग–ब्रॉट, सेंड–सेंट, पे–पेड, ग्रो–ग्र्यू, सी–सॉ, टेल–टोल्ड, गेट–गॉट. कट आणि पुट मात्र बदलत नाहीत. ‘वुई कट द राइस लास्ट वीक’ म्हणजे गेल्या आठवड्यात आम्ही भात सोंगला.

सगळ्यात मोठा खड्डा : ‘डिड’

मराठीत आपण म्हणतो, ‘मी गेलो नाही’, ‘तू गेलास का?’. नकार असो की प्रश्न, क्रियापद भूतकाळातच राहतं. तीच सवय इंग्रजीत घुसते आणि ‘आय डिड नॉट वेन्ट’ तयार होतं. इंग्रजीत ‘डिड’ हाच भूतकाळ आहे. तो आला की क्रियापद मूळ रूपात परत जातं. एका वाक्यात भूतकाळाचं ओझं एकानेच उचलायचं.

चूक : आय डिड नॉट वेन्ट. बरोबर : आय डिड नॉट गो.
चूक : डिड यू सोल्ड द टोमॅटोज? बरोबर : डिड यू सेल द टोमॅटोज?

‘वॉज’ आणि ‘वेअर’ यांना मात्र ‘डिड’ची मदत लागत नाही. ‘आय वॉज नॉट अ‍ॅट होम’, ‘वेअर यू इन नाशिक?’

दुसरी चूक ‘आय वॉज केम’. ‘मी आलो होतो’ मधल्या ‘होतो’साठी ‘वॉज’ जोडला जातो. काल आलो होतो हे सांगायला ‘आय केम यस्टरडे’ पुरेसं आहे.

कधी वापरायचं?

काम झालं, संपलं, आणि कधी झालं ते माहीत आहे, तेव्हा साधा भूतकाळ. ‘वुई ट्रान्सप्लांटेड राइस लास्ट वीक’ म्हणजे गेल्या आठवड्यात भाताची आवणी केली. ‘द लास्ट स्ट्रेच ऑफ समृद्धी महामार्ग ओपन्ड ऑन 5 जून 2025’. इगतपुरी ते आमणे हा टप्पा त्या दिवशी सुरू झाला, तारीख ठरलेली आहे. पण कळसूबाई आजही राज्यातलं सर्वांत उंच शिखर आहे, म्हणून तिथे ‘इज’. ती चढून आलात तर ‘वुई क्लाइम्ब्ड कळसूबाई लास्ट संडे’.

जुनी सवयही यातच बसते. आजोबा दर आठवड्याला घोटीच्या बाजाराला जायचे : ‘ही वेन्ट टू घोटी मार्केट एव्हरी वीक’.

‘विकला आहे’ म्हणताना वेळ सांगायची नसेल तर ‘आय हॅव सोल्ड’ चालतं. पण ‘यस्टरडे’ आला की ‘हॅव’ काढा : ‘आय सोल्ड इट यस्टरडे’. तीन दिवसांपूर्वी म्हणायला ‘बिफोर थ्री डेज’ नको, ‘थ्री डेज अगो’ म्हणा. मराठीतला ‘पूर्वी’ जसा मागे येतो, तसाच ‘अगो’ मागे येतो.

आणि एक गंमत. टोलनाक्याच्या अलीकडे असताना आपण फोनवर म्हणतो, ‘आलोच!’ पोहोचलेलो नसतो, तरी मराठीत ते चालतं. इंग्रजीत त्यासाठी ‘आय केम’ नाही, ‘आय अ‍ॅम कमिंग’.

पैशांची गोष्ट असेल तेव्हा

खात्यातून पैसे गेले तर सर्वांत आधी 1930 या सायबर हेल्पलाइनला फोन लावायचा. जितका लवकर, तितकं बरं. तिथे इंग्रजीची अट नाही. पण नंतर बँकेच्या अ‍ॅपवर किंवा ई-मेलने लिहायची वेळ येते, तेव्हा अनेकदा इंग्रजी लागतं. घाबरून कुणी ‘आय शेअर ओटीपी, नो’ असं लिहिलं तर वाचणाऱ्याला काय कळणार? दिलात की नाही दिलात? म्हणून झालं तसं, झालं त्या क्रमाने, छोट्या वाक्यांत लिहा :

‘यस्टरडे अ‍ॅट 4 पीएम आय गॉट अ कॉल. द कॉलर आस्क्ड फॉर द ओटीपी. आय डिड नॉट शेअर इट. आय लॉस्ट 5,000 रुपीज फ्रॉम माय अकाउंट. आय कॉल्ड 1930 अ‍ॅट 4.20 पीएम.’

पाच वाक्यं, पाचही साध्या भूतकाळात. वेळ, रक्कम आणि घटना तुमची टाका.

सवय लागण्यासाठी रोज रात्री मोबाइलवर तीनच ओळी लिहा : आज काय केलं, काय केलं नाही, आणि दुसऱ्याला विचारायचा एक प्रश्न. पहिलीत ‘ई-डी’ किंवा बदललेलं रूप येईल, उरलेल्या दोन्हींत ‘डिड’. घरात शाळेत जाणारं पोर असेल तर त्याच्याकडून तपासून घ्या, त्याचाही अभ्यास होईल.